पाच निळे आवळे

गुरुवारी दुपारी जेवणं उरकली, भांडी पालथी पडली, की मिरजेच्या चंद्राक्का मगदूम डोक्याला टोपी घालून रानात जायच्या. वय चौऱ्याहत्तर. टोपी दिसायला साधी कानटोपीच, पण आत बारीक तारांची जाळी. मेंदूत काय चाललंय ते ती जाळी वाचते आणि उलट मेंदूला दाखवते, ऐकवते. टोपी घालून आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, की आपण ‘सातवन’ नावाच्या खेळात उभे. पायाखाली पाचोळा वाजतो, तळ्यावरचा वारा लागतो आणि गुडघे अजिबात दुखत नाहीत. या गुडघ्यांपायीच निम्मी मिरज तिथं पडीक असते, असं चंद्राक्का सांगायच्या. पण त्यांनी सांगितलेल्यातलं निम्मं आधी वजा करून घ्यावं लागतं.

खेळात वनं सात आणि सातही हुबेहूब सारखी. गर्दी वाटली जावी म्हणून प्रत्येक वन कंपनीच्या वेगळ्या सर्व्हरवर, म्हणजे वेगळ्या मोठ्या कॉम्प्युटरवर चालायचं. मनगटावरचं बटण दाबलं की या वनातून त्या वनात. प्रत्येक वनात तळ्याकाठी प्रत्येकाचं आपलं एक झाड, झाडाला दहा निळे आवळे. खुडले की पुन्हा धरायला चोवीस मिनिटं लागत, आणि खुडलेला आवळा चार तासांत काळा पडून वाया जाई.

बाकीचे लोक झाडाखाली जांभया देत बसायचे. चंद्राक्का बसणाऱ्यातल्या नव्हत्या. एका वनात साडेतीन मिनिटं, की बटण. पुढच्यात साडेतीन मिनिटं, की बटण. सातवं वन उरकून पहिल्यात पाय ठेवावा, तर तिथले आवळे अर्ध्या मिनिटापूर्वीच निळे झालेले. घड्याळाकडे बघायची गरज नाही. नवरा एकतीस वर्षं एसटीच्या मिरज डेपोत कंट्रोलर होता. गाडी कधी लागते, कधी सुटते, हे घरात भाजीत मीठ पडावं तसं पडत आलेलं. कोल्हापूरच्या एका पोरानं म्हणे चंद्राक्कांची फेरी बघितली आणि दुसऱ्या दिवशी खेळ सोडून पोटापाण्याला लागला. निम्मं वजा करा.

हे सगळं कशासाठी, तर अण्णांसाठी. बाळगोंडा मगदूम, सगळ्यांचे अण्णा. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ज्या माणसाच्या आवाजावर अख्खं स्टँड हलायचं, तो पलंगावर पडून छताकडे बघायचा. पण टोपी घातली की वनात अण्णा चालायचे, बोलायचे. शब्द डोक्यात शाबूत होते, फक्त वाट बुजलेली; टोपी ते थेट डोक्यातूनच उचलायची. मात्र अशा जखमी मेंदूतून वाचायचं काम फार जड. म्हणून खेळात त्याला ‘जोम’ लागायचा, आणि एका तासाच्या जोमाला पाचशे आवळे पडायचे. एकाच झाडाखाली बसून पाचशे जमवायला वीस तास, तोवर निम्म्याहून जास्त काळे. सात वनं फिरून तीन तास. म्हणजे गुरुवारचे तीन तास चंद्राक्का पळायच्या आणि चौथा तास अण्णा बोलायचे.

“फलाट क्रमांक तीनवर,” अण्णा तळ्याकडे बघून सुरू व्हायचे, “मिरज-जत गाडी लागलेली आहे. चंद्राक्का मगदूम या बाईंनी लवकर येऊन बसावं.”

“आले की वो. जागा धरलीसा न्हवं?”

दोन वर्षांत ती दोघं याच्यापेक्षा शहाणं काही बोलली नव्हती, आणि दोघांना त्याचं काही वाईट वाटत नव्हतं.

चंद्राक्कांची एक खोड होती. शेजारून आलेली वाटी त्यांनी जन्मात कधी रिकामी परत धाडली नव्हती. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर. वनातही आवळे खुडून झाले की झाडाच्या बुडाशी एखादं रानफूल ठेवायच्या. खेळात त्याचे गुण मिळत नाहीत, असं नात सन्मती सांगून दमली होती.

तर त्या गुरुवारी चंद्राक्का पहिल्या वनात उतरल्या आणि जागीच थांबल्या. झाडाखाली काळ्या आवळ्यांचा ढीग होता. शेकडो, हजारो, नीट रचून ठेवलेले. ढिगाच्या पुढ्यात पानांचा द्रोण, आणि द्रोणात ताजे पाच निळे आवळे.

द्रोण उचलून त्यांनी उलटा केला. दोन काड्या आडव्या आणि एक उभी. ही टाचायची रीत त्यांच्या आईची. आई गेली, आता जगात ती फक्त त्यांना येत होती.

त्यांनी टोपी काढली आणि जिन्यातून हाक मारली. सन्मती त्याच कंपनीत इंजिनिअर, माडीवर बसून काम करायची. ती खाली आली.

“सने, माझ्या झाडाखाली कोण बसतंय?”

सगळं ऐकून सन्मती खाटेच्या कडेला टेकली. “आज्जी, गेल्या गुरुवारी नवीन सोय सुरू झाली. सावली म्हणतो आम्ही तिला. तू बटण दाबून गेलीस की बाकीच्यांना माणूस एकदम गायब झालेलं दिसायचं, लोक दचकायचे. आता तू गेलीस तरी तुझी सावली तिथं राहते. टोपीनं दोन वर्षांत तुझं वागणं-बोलणं, विचार करायची तऱ्हा, सगळं शिकून घेतलंय. त्याच्यावर ती चालते.”

“बुजगावणं म्हण की.”

“बुजगावणं विचार करत नाही. ती करते. तुला जे जे आठवतं ते तिला आठवतं, अगदी बटण दाबलं त्या क्षणापर्यंतचं.”

चंद्राक्कांनी टोपी उलटी करून आतली जाळी बघितली. “म्हंजे तिला काय वाटतं? आपण सावली हाय असं?”

“नाही. तिला वाटतं, आपण चंद्राक्का. बटण दाबलं, पण चाललं नाही.”

“मग?”

“मग ती परत दाबून बघते. तिचं बटण चालत नाही. तू त्या वनात परत गेलीस की ती मिटते आणि तिच्या जागी तू असतेस. तिला काही दुखत नाही, आज्जी. डोळा लवावा तसं.”

“फेरीत एकवीस मिनिटांनी मी परत जाते.”

“हो.”

“आणि गेल्या गुरुवारी शेवटची फेरी सातव्यात संपली. पहिल्या सहांत मी आजवर गेलेच न्हाई.”

सन्मतीनं बोटांवर वार मोजले.

“आठवडा,” चंद्राक्का म्हणाल्या. “आठवडाभर बसून ती अण्णांसाठी आवळं गोळा करत हुती. चार तासांनी काळं पडायचं, परत गोळा करायची. पाचशे कधी व्हायचंच न्हाई ते.” मग जरा थांबून, “आणि आज मी गेले, आणि तिला पुसली.”

“मी सावली बंद करायला अर्ज टाकते, आज्जी. पण ते ऐकतीलच असं नाही.”

“बंद म्हंजे उरलेल्या पाचजणींनाबी पुसायचं. मोठी इंजिनिअर झालीस.”

पलंगावरून अण्णा दोघींकडे बघत होते. गुरुवार होता, त्यांना ठाऊक होतं.

चंद्राक्कांनी बराच विचार केला. कधी नव्हे ते खरोखर बराच. मग विचारलं, “अण्णांनी बटण दाबलं तर त्यांचीबी सावली राहील?”

“राहील. आणि सावलीला जोमही लागत नाही. तिला जखमी मेंदूतून काही वाचावं लागत नाही ना. ती बोलत राहील, चालत राहील.”

“तुझ्याकडं चाचणीचं आवळं असत्यात न्हवं? आजच्यापुरतं पाचशे दे.”

“एकदाच देता येतील. दुसऱ्यांदा दिले तर नोकरी जाईल.”

“एकदाच पुरेत. तास सात वनांत वाटायचा, साडेआठ मिनिटं एकेकीला. जाईन तिथं ह्यांना सोडत जाईन. वाट बघणाऱ्या पाचजणी मी गेल्यावर मिटतील, पण निघताना तिथं परत मीच राहीन, आणि हे शेजारी असतील. आठवड्याचं वाट बघणं तेवढं पुसलं जाईल. बरंच झालं.”

“आणि नंतर?”

“नंतर टोपी माळ्यावर टाक.”

“मग आज्जा कसे बोलणार तुझ्याशी?”

“मी बोलीन, ते ऐकतील. एकतीस वर्षं ते बोलले, अख्ख्या स्टँडनं ऐकलं. आता त्यांची पाळी.”

सन्मती खालच्या आवाजात म्हणाली, “आज्जी, एक सांगू? तू नंतर कधीही परत जाऊ शकतेस. तिथं आज्जांची सावली बसलेली असेल, जोमाबिगर बोलणारी. तिथली तू मिटशील आणि ही तू तिच्या जागी बसशील. कुणाला कळणारही नाही. तिलासुद्धा नाही.”

“हे सांगायलाच पायजे हुतं काय,” चंद्राक्का म्हणाल्या आणि टोपी चढवली.

पहिलं वन झालं. दुसरं झालं. तिसरं झालं. प्रत्येक ठिकाणी अण्णांनी जतची गाडी लावली, प्रत्येक ठिकाणी चंद्राक्का वेळेवर जाऊन बसल्या. चौथ्या वनात बोलणं लांबलं. लग्नानंतर पहिल्यांदा पन्हाळ्याला जाताना एक बाई खिडकीची जागा सोडेना, तर चंद्राक्कांनी तिला खिडकीबाहेर वाघ दाखवला होता, ती गोष्ट निघाली. आधी एक वाघ होता, या खेपेला तीन झाले. अण्णा पोट धरून हसले. साडेआठ मिनिटं झाली.

“चला, दाबा बटण,” चंद्राक्का म्हणाल्या. दोघांनी मिळून दाबलं.

पाण्यावर वारा आला. तळं तेच, झाड तेच, अण्णांच्या खांद्यावरचं वाळकं पानही तेच.

“काय गं,” अण्णा म्हणाले, “गाडी चुकली काय आपली?”

चंद्राक्कांनी मनगटाकडे बघितलं. पुन्हा एकदा दाबून बघितलं. चाललं नाही. म्हणजे मागं राहिलेली ती आपणच.

“चुकू द्या,” त्या म्हणाल्या. “बसू हितंच.”

आता भीती एकाच बाईची होती. ती मिरजेत होती. तिच्याजवळ टोपी होती, आणि चंद्राक्का तिला फार चांगलं ओळखत होत्या. पोरांचे लाडू झाकून ठेवून मांजरानं नेले म्हणणारी बाई ती. माळ्यावर टाकलेली टोपी काढायला तिला किती वेळ लागणार? ज्या घरात अण्णा नुसते छताकडे बघतात त्या घरात बसून, इथं ते हसताहेत हे ठाऊक असताना, ती किती गुरुवार दम धरेल?

वनात दिवस-रात्र होत नाही. पण आवळे साठ वेळा निळे झाले की एक दिवस भरतो, चारशेवीस वेळा झाले की पुढचा गुरुवार. चंद्राक्का मोजत राहिल्या. अण्णांना काही सांगितलं नाही. चारशेविसाव्या वेळी त्यांनी अण्णांचा हात घट्ट धरला आणि डोळे ताणून उघडे ठेवले, लवू दिले नाहीत. डोळ्यांतून पाणी आलं.

“काय झालं गं?”

“कचरा गेला.”

कुणी आलं नाही. आठशेचाळीस झाले, तरी नाही. आली असती तर कळलं तरी असतं का, हा एक विचार त्यांच्या मनात यायचा. मग त्या झाडाखालचा काळा ढीग बघायच्या. तो आपल्याच हातानं वाढताना आठवायचा, एकेक आवळ्यासकट. म्हणजे अजून तीच आपण. मिरजेत एक म्हातारी मुक्या माणसाच्या उशाशी बसून एकटीच दोघांचं बोलत असणार, वाघ एव्हाना सात झाले असणार.

त्यांनी पानं खुडली, दोन काड्या आडव्या, एक उभी, द्रोण टाचला. पाच ताजे आवळे त्यात घातले आणि तो वाटेच्या तोंडाशी ठेवला, येणाऱ्याला आधी दिसेल असा.

“रोज रोज कुणासाठी ठेवतीस?” अण्णांनी विचारलं.

“शेजारीण हाय एक. तिची वाटी राहिलीय माझ्याकडं. रिकामी कशी धाडायची?”

“वाटीतनं काय दिलं हुतं तिनं?”

चंद्राक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यावरचं वाळकं पान काढून टाकलं.

“सांगते,” त्या म्हणाल्या. “आधी ती जतची गाडी लावा.”