उंबऱ्यावरचं खोकं

"मशीन पोचलं म्हणून दुकानदाराने फोटो पाठवलाय, मॅडम. पण मशीन आलेलंच नाही हो."

शिवणवाल्या ताईंनी फोन टेबलावर सरकवला आणि मान खाली घातली. ग्राहक तक्रार कार्यालयातल्या तपासनीस बाईंनी फोटो पाहिला. उंबऱ्यावर एक बंद खोकं. त्याच्या मागे एक निळं दार.

"उंबरा तुमचाच?"

"माझाच. रोज पुसते, ओळखणार नाही का? ते निळं दार समोरच्या शेजाऱ्यांचं."

ताईंना एका दवाखान्याचे गाऊन शिवायचं मोठं काम मिळालं होतं. जुनं मशीन त्या कामाला पुरं पडणारं नव्हतं. म्हणून गाठीला होते नव्हते ते पैसे त्यांनी एका ऑनलाइन दुकानाला आगाऊ भरले. आता मशीन नाही, पैसेही नाहीत. आठवड्याभरात सोय झाली नाही तर काम दुसरीकडे जाणार होतं. पण ताईंना त्याहून जास्त लाज वाटत होती ती फसल्याची.

शेजारी त्यांचा धाकटा भाऊ बसला होता. ताईंच्याच घरी राहायचा, आतल्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर कुठल्याशा कंपनीचं काम करायचा.

"असले लोक हाती लागत नाहीत, मॅडम," तो म्हणाला. "मी हिला म्हटलं, सोड नाद."

"मशीन मागवताना यांना विचारलं होतंत?" बाईंनी ताईंना विचारलं.

"छोट्याला? छे. वर्षभर चिडवलं असतं मला. तुमची नोटीस गेली त्या दिवशी सांगितलं, तर चिडवलं नाहीच, उलट जेवला नाही त्या दिवशी."

बाईंनी दुकानदाराचे निरोप वाचले. आधी नुसता तोरा. 'डोकं खाऊ नका.' 'कुठे जायचं तिथे जा.' मग ताईंच्या नावपत्त्यासह कार्यालयाची नोटीस दुकानाच्या ईमेलवर गेली आणि सूरच पालटला. 'तुम्हाला त्रास झाला, माफ करा.' आणि मागोमाग हा फोटो.

"मी घर बघायला येते," बाई म्हणाल्या.

जिना चढून बाई ताईंच्या दारापाशी थांबल्या. फोन समोर धरला, डावीकडे सरकल्या, उजवीकडे सरकल्या. फोटो काही जुळेना. मग त्या घरात शिरल्या आणि मागे वळल्या. फोन पुन्हा समोर धरला.

"फोटो आला त्या दिवशी घरात कोण होतं?"

"कोणीच नाही. मी दवाखान्यात मापं घेत होते. हा बाहेर गेला होता."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझी, एक याची."

बाई खुर्चीवर टेकल्या. पुढचं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"ताई, पार्सलवाला जिन्यात उभा राहतो. त्याने फोटो काढला, तर खोक्यामागे तुमचं दार दिसेल. या फोटोत शेजाऱ्यांचं दार दिसतंय. म्हणजे फोटो घराच्या आतून काढलाय. तुम्ही उंबरा रोज आतूनच बघता, म्हणून तुम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही."

ताईंनी फोन हातात घेऊन फोटो पुन्हा पाहिला.

"कुलूप तोडलेलं नाही. आत येणारी माणसं दोनच. एक तुम्ही, आणि तुम्ही दवाखान्यात होतात. दुकानदार मुजोरी करत होता, तो तुमचा पत्ता समोर आल्यावर नरमला. त्याच दिवशी तुमचा भाऊ जेवला नाही."

भाऊ भिंतीकडे बघत होता.

"छोट्या?" ताई म्हणाल्या.

"मला माहीत नव्हतं गं तू आहेस ते."

"पैसे भरताना मी पत्ता दिला होता की."

"नावं-पत्ते मी वाचतच नव्हतो, निरोपांवर नुसता ऑर्डर नंबर यायचा." तो म्हणाला. "पाठवायला मालच नव्हता, तर पत्ता कशाला वाचायचा? आधी खरंच विकायचो, ताई. मग माल देणाऱ्याने मला बुडवलं. जुन्या लोकांचे पैसे नव्या लोकांच्या पैशांतून फेडत गेलो. नोटीस आली, तेव्हा पहिल्यांदा पत्ता वाचला. आपलाच."

"आणि रिकामं खोकं ठेवलंस."

"वाटलं, फोटो बघून तक्रार मिटेल. मग हळूहळू पैसे साठवून तुला मशीन आणून देईन. जिन्यात उभं राहायचा धीर झाला नाही, कोणी बघितलं असतं. म्हणून आतून काढला."

भाऊ त्यांचा, घर त्यांचं, आणि लोकांना गंडवण्याचा कारखाना त्यांच्याच आतल्या खोलीत. तक्रार त्यांची होती, तरी आरोपीसारख्या त्याच अंग चोरून बसल्या होत्या.

"तक्रार मागे घेणार?" बाईंनी हळूच विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या.

बाईंनी त्याच्याकडून लेखी घेतलं. स्कूटर आणि कॉम्प्युटर विकून पैसे कार्यालयात भरायचे, दोन दिवसांत. ताईंची रक्कम त्यातून पूर्ण भागत होती.

"आणि बाकीच्यांची?" ताईंनी विचारलं. भावाने नकारार्थी मान हलवली. "मग मला एकटीला नको. सगळ्यांना सारखं वाटा. मी मशीन भाड्याने आणते, रात्रीचा दिवस करते. छोट्या, फोन काढ. एकेकाला लाव. आत्ता, माझ्यासमोर."

"काय सांगू त्यांना?"

"मला सांगितलंस तेच."

त्याने नंबर लावला, दुकानाचं नाव सांगितलं. पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, अगदी आशेने भरलेला. "पार्सल आलं का, बाळा?"

त्याने बहिणीकडे पाहिलं. ती त्याच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली. मान तिचीही खालीच होती.

"नाही, आजी," तो म्हणाला. "ते कधी निघालंच नव्हतं. तुम्हाला फसवलं तो मीच."