ओळखपत्रावरची आई

डिंक संपला होता, म्हणून रीमाने ताटातल्या भाताचं एक शीत उचललं, बोटानं चेचलं आणि शाळेच्या फॉर्मवर ‘आई’ असं छापलेल्या चौकोनात जिजाचा फोटो चिकटवून टाकला.

जेवणारं सगळं घर थबकलं. रीमाच्या बापाचा, रामनाथचा घास हातातच राहिला. त्याचा धाकटा भाऊ मोरेश्वर आपल्या बायकोकडे पाहू लागला, आणि ती, संपदा, इतकी पांढरीफटक पडली की जिजाने हातातला भाताचा टोप खाली ठेवून आधी धाकट्या जावेच्या पाठीवर हात ठेवला. गेली अकरा वर्षं त्या चौकोनात संपदाचा फोटो असायचा. दर जूनमध्ये शाळा नवं पालक-ओळखपत्र काढायची, दर जूनमध्ये संपदा नायगाव स्टेशनजवळच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढून आणायची, आणि त्या फोटोखाली नाव लिहिलं जायचं ते मात्र जिजाचं... सौ. जिजा रामनाथ भोईर. नाव एकीचं आणि चेहरा दुसरीचा! आणि याला पाप म्हणा की पुण्य म्हणा, ते ज्या बाईने स्वतःच्या हाताने उभं केलं होतं ती दुसरी कुणी नव्हती, जिजाच होती.

रामनाथ बोलायला लागला तो थांबेचना. दहावीचं वर्ष आहे, शाळेनं फसवणूक म्हणून नाव काढून टाकलं तर पोरगी कुठं जाणार, इतकी वर्षं गेली तसं हे शेवटचं गेलं असतं तर काय बिघडलं असतं... रीमा खाली मान घालून ऐकत होती. फॉर्म मात्र तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

“काढ तो फोटो,” जिजा हळूच म्हणाली. “माझ्या गळ्याची शपथ हाय तुला.”

“शपथ घालू नको, आये,” रीमा म्हणाली. “मी उद्या हा फॉर्म देणार.”

आत्ताच का, हे तिला सगळ्यांनी विचारलं. तिने सांगितलं नाही. जिजाला मात्र ते पुरतं ठाऊक होतं.

हे सगळं सुरू झालं ते १९९४ साली. खाडीकाठच्या भातशेतांवर भराव पडून इमारती उठत होत्या आणि त्या इमारतींसाठी एव्हरशाईन सिटीच्या बाजूला एक इंग्रजी शाळा निघाली होती. शाळेत मुलांच्या आधी आईबापांची मुलाखत व्हायची. आदल्या वर्षी शेजारच्या चिरागला घेऊन त्याची आई गेली होती. पैठणी नेसून गेली होती बिचारी! तिला इंग्रजीत चार प्रश्न विचारले, चारही वेळा ती फरशीकडे बघत राहिली, आणि यादी लागली तेव्हा तीत चिरागचं नाव नव्हतं. यादीत गुजराती होते, मद्रासी होते, मुंबईहून फ्लॅट घेऊन आलेले मराठी होते. ज्यांच्या शेतांवर हे सगळं उभं राहिलं त्या गावांतलं एकही पोर नव्हतं. गावातल्या मुलांना आमच्याकडे जमत नाही हो, असं तिथल्या क्लार्कने अगदी गोड बोलून सांगितलं होतं.

जिजा सातवी शिकलेली. गणितात पहिली यायची, पण पुढची शाळा लांब म्हणून बापाने घरी बसवली, आणि ते शल्य तिच्या मनातून कधी गेलं नव्हतं. चार वर्षांच्या रीमाला कडेवर घेऊन ती नव्या नवरीकडे गेली. संपदा दादरची, बीकॉम झालेली, चर्चगेटला नोकरी करणारी, फाडफाड इंग्रजी बोलणारी.

“माझ्या नावानं तू जा,” जिजा तिला म्हणाली होती. “मी तोंड उघडलं की माझी पोर बाहेर.”

मग सलग आठ दिवस, रोज संध्याकाळी मागल्या पडवीत एका आईने दुसरीला आई व्हायला शिकवलं. रीमा काय खाते, काय थुंकते, बांधाच्या दारातून पाणी सुटलं की त्या आवाजाला कशी भिते, आणि भ्याली की आईच्या कानाची पाळी चिमटीत धरून कशी गप्प होते... जिजा आपल्या बोलीत सांगायची, संपदा ते इंग्रजीत घोकायची. पोरीलाही शिकवलं, शाळेत काकीला मम्मी म्हनायचं बरं का! हे शिकवताना जिजा हसली होती. आत काय तुटलं ते तिने कुणाला दिसू दिलं नाही.

मुलाखत घेणाऱ्या फ्लॉसी मिसने विचारलं, मूल घाबरलं की कशाने शांत होतं? संपदाने कानाच्या पाळीचं सांगितलं. फ्लॉसी मिस प्रसन्न हसली आणि रीमाचं नाव यादीत लागलं.

त्यानंतर जिजा भाजीच्या टोपल्या घेऊन एव्हरशाईन सिटीच्या नाक्यावर बसू लागली. वालाच्या शेंगा, पडवळ, वेलची केळी. वसईच्या बाजारात धंदा जास्त झाला असता, असं रामनाथ कितीदा म्हणाला. पण त्या नाक्यावर शाळेची घंटा ऐकू यायची, ते कारण ती त्याला कशी सांगणार? फ्लॉसी मिससुद्धा तिच्याकडून शेंगा न्यायची. मिस पुढे हेडमिस्ट्रेस झाली, तरी शेंगा जिजाकडूनच.

आणि संपदा? तिला मूल झालं नाही. ओपन डेला सुट्टी टाकून, चांगली साडी नेसून ती शाळेत जायची, रीमाचे मार्क ऐकायची, आणि परत येताना तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज असायचं की जिजाला वाटे, वर्षातले हे चार दिवस आपण हिच्याकडून काढून घेतले तर हिला काय उरेल? म्हणूनही ती कधी बोलली नाही. स्वतःचं आईपण असं वाटून द्यायला केवढं काळीज लागतं, हे त्या घरात कुणी मोजलं नाही.

रीमा चौथीत असताना मधल्या सुट्टीत घसरगुंडीवरून पडली. नाक्यापर्यंत बोंब आली. टोपल्या तशाच टाकून जिजा धावली, तर फाटकावर वॉचमनने ओळखपत्र मागितलं. आत पायरीवर रीमा वाकडा झालेला हात पोटाशी धरून रडत होती. आई आहे म्हणावं तर ओळखपत्रावर चेहरा दुसरीचा. संपदा चर्चगेटला.

“मी त्यांच्याकडं कामाला हाय,” जिजा म्हणाली. “बाईसायबांनी पाठवलंय.”

वॉचमनने रीमाच्या वर्गावरच्या मिसला विचारलं. मिसने रीमाला विचारलं, ही तुमच्या घरची बाई का? सगळ्या वर्गासमोर रीमाने मान हलवली... हो. रिक्षातून दवाखान्यात जाताना जिजाने तिला छातीशी धरलं. पोर वेदनेनं कळवळत होती, पण तिचा चांगला हात मांडीवरच राहिला. आईच्या कानाकडे तो गेला नाही. त्या दिवसानंतर कधीच गेला नाही.

आणि आता गेल्या आठवड्यात हे घडलं होतं. रीमा मैत्रिणींबरोबर नाक्यावरून चालली होती. त्यांतल्या ज्ञानदाची आई जिजाकडे शेंगा निवडत होती. भाव पटला नाही तशी तिने शेंगा टोपलीत आपटल्या आणि या गावच्या बायकांना माज फार, असं म्हणून गेली. मुली तिथंच रेंगाळल्या. रीमा पुढे सरकली, तिचे ओठ हलले, आणि ती आता काही बोलून जाईल या भीतीने जिजाने घाईघाईने वर पाहिलं.

“तुमाला काय देऊ, बेबी?” तिने आपल्या पोटच्या पोरीला विचारलं होतं.

रीमा घरी येऊन जेवली नव्हती. आणि आज हा फॉर्म!

दुसऱ्या दिवशी तो खरोखरच गेला आणि तिसऱ्या दिवशी शाळेचं पत्र आलं. दोन्ही फोटोंतल्या महिलांना घेऊन या. संपदाने रजा टाकली. जिजाने धुतलेलं नऊवारी लुगडं नेसलं, पायांना खाडीचा चिखल राहिला नाही ना हे तीनदा पाहिलं, आणि अकरा वर्षं जिची नुसती घंटा ऐकली त्या शाळेच्या फाटकातून ती पहिल्यांदा मान वर करून आत गेली.

टेबलापलीकडे फ्लॉसी मिस बसली होती. केस पिकलेले, गळ्यात बारीक क्रूस. जिजाला बघून तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“तुम्ही तर शेंगावाल्या...” ती म्हणाली आणि पुढचं वाक्य तिने गिळलं.

संपदा भडाभडा बोलू लागली. चूक माझी आहे, सही मी करत होते, मुलीचं वर्ष वाया घालवू नका. बोलता बोलता तिने पर्समधून जुनी ओळखपत्रं काढून टेबलावर ठेवली. अकराच्या अकरा तिने जपली होती. पहिल्यात ती किती कोवळी दिसत होती आणि शेवटच्यात कानाजवळ पांढरे केस आले होते. तिला रडू आवरेना.

मिसने तिला पाणी दिलं. मग जिजाकडे वळून ती मराठीत म्हणाली, मुलाखत राहिलीय तुमची. ती आज घेते. मूल घाबरलं की कशाने शांत होतं?

चिरागची आई ज्या फरशीकडे बघत राहिली तीच ही फरशी... पण तिने नजर खाली नेली नाही.

“माझ्या कानाची पाळी धरायची,” ती म्हणाली. “दहा वर्सांची होईपातूर. हात मोडला त्या दिसापासून धरली नाय.”

मिसने हळूच सांगितलं, की पहिल्या मुलाखतीत रीमा रडली होती आणि शेजारी बसलेल्या आईच्या कानाला तिने हातही लावला नव्हता, हे आपण तेव्हाही पाहिलं होतं. तिथंच समजायला हवं होतं.

“एक सांगते, राग मानू नका,” ती म्हणाली. “तेव्हा तुम्ही स्वतः आला असतात, तर मी तुमच्या मुलीला घेतलं नसतं. माझी आईसुद्धा गिरीजच्या वाडीतली केळी विकायची. तरी घेतलं नसतं.”

“मंग चिरागच्या आयशीचं काय चुकलं होतं, मिस?” जिजाने विचारलं.

फ्लॉसी मिसने फॉर्म ओढला, भाताने चिकटवलेल्या फोटोवर शाळेचा शिक्का मारला आणि खाली सही केली. ट्रस्टींना काय सांगायचं ते मी बघेन, मुलगी परीक्षेला बसेल, एवढंच ती म्हणाली. जुन्या ओळखपत्रांकडे तिचा हात गेला तेव्हा जिजाने ती गोळा करून संपदाच्या ओंजळीत ठेवली.

“ही तुझ्याजवळच असूं दे,” ती म्हणाली. “ते खोटं नव्हतं गं. तूबी केलंस तिचं.”

संपदाने मोठ्या जावेच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मोकळेपणाने रडली.

बाहेर पायरीवर रीमा उभी होती. तीच पायरी! तिने दाराआडून सगळं ऐकलं होतं.

“आये, मी तेव्हा मुद्दाम मान हलवली,” ती म्हणाली. “हात दुखत होता म्हणून नाही. मला लाज वाटली होती तुझी.”

सहा वर्षं तिने हे एकटीने वागवलं होतं. आईने मारावं, काही तरी बोलावं, म्हणून ती डोळे मिटून उभी राहिली.

“मना ठाव हाय,” जिजा म्हणाली. “मी तुझ्या तोंडाकडंच बघत होते. तू हो म्हनलीस तवा जीव भांड्यात पडला माझा. म्हटलं, शाळा टिकली पोरीची. घरी जाऊन मातूर लय रडले.”

मधल्या सुट्टीची घंटा झाली. वर्गावर्गांतून मुली धावत बाहेर आल्या, ज्ञानदाही आली, आणि शेंगावालीला पाहून त्या घुटमळल्या. जिजा सवयीने दोन पावलं मागे सरकली. पण रीमा पुढे झाली, आईपेक्षा उंच झालेली ती पोर किंचित वाकली, आणि सगळ्यांदेखत तिने जिजाच्या कानाची पाळी चिमटीत धरली.

“ही माझी आय,” ती मुलींना म्हणाली.

ज्ञानदाने मान फिरवली, एक-दोघी हसल्या, एकीने नमस्कार केला. रीमाने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. पुढची घंटा होईपर्यंत तिने आईच्या कानावरचा हात काढला नाही.