गाडी कोण चालवत होतं?

शनिवारी सकाळी हेब्बाळच्या उड्डाणपुलाखाली गाडी चालवता चालवता प्रियदर्शनीनं मान मागे वळवली. मागच्या सीटवर बसलेल्या भव्याचा पट्टा नीट लागलाय ना, हे ती तिसऱ्यांदा बघत होती. लेकीचा पट्टा अगदी नीट होता... पण तेवढ्यात पुढचा पिकअप थांबला.

धप्प!

पिकअपची मागची फळी खाली आपटली आणि डोक्याएवढाली पिवळसर हिरवी पपनसं एकामागून एक रस्त्यावर उतरली. एक रिक्षाखाली गेलं, एक थेट वाहतूक पोलिसाच्या बुटाशी जाऊन थांबलं.

"अगंबाई! भव्या, लागलं का गं कुठं?"

पाच वर्षांची भव्या खिडकीला नाक लावून खिदळत होती. "आई, केवढे मोठे बॉल!"

पिकअपमधून एक उंच, सावळा माणूस उतरला. बाह्या दुमडलेल्या, कपाळाला आठ्या. प्रियदर्शनीनं घाईघाईनं मनात कन्नडमध्ये माफी जुळवायला घेतली. पण तो तिच्याकडे न येता सरळ मागच्या खिडकीशी वाकला.

"पुट्टी, तुला काही झालं नाही की?"

भव्यानं मान हलवली. मग कुठं तो तिच्याकडे वळला. "काय अक्का, मराठी होय तुम्ही? 'अगंबाई' ऐकलं आणि माझा अर्धा राग तिथंच उतरला बघा."

"आणि उरलेला अर्धा?" तोंडून निघून गेलं, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. कितीतरी दिवसांत ती असं कुणाशी बोलली नव्हती.

"तो चकोते उचलून दिलेत की उतरेल."

"पपनसं."

"आमच्या देवनहळ्ळीत चकोतेच. तीनशे वर्षं झाली आमची माणसं इकडं येऊन. मराठी स्वल्प जुनी झाली असेल. नाव पण जुनंच आहे... मालोजी."

"मी प्रियदर्शनी. निपाणीची."

मागून हॉर्नचा गदारोळ चालला होता आणि ती दोघं रस्त्यात ओणवी होऊन फळं गोळा करत होती. एकाच पपनसाला दोघांचे हात एकदम लागले. तिनं झटकन हात मागे घेतला... जरा जास्तच झटकन.

"इन्शुरन्स आहे ना?" त्यानं तिच्या गाडीचं चेपलेलं बॉनेट बघत विचारलं.

"आहे. म्हणजे... भाड्याची गाडी आहे. अ‍ॅपवरून घेतलेली."

"मग काळजी कशाला? माझं माझ्या पॉलिसीत होऊन जाईल. तुमचं तुमचे गाडीवाले बघतील."

काळजी कशाला, हे तिला त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं.

ते अ‍ॅप तिचं नव्हतंच. रघुनंदनचं होतं, तिच्या नवऱ्याचं. अडीच वर्षांपूर्वी तो चार दिवसांच्या तापात गेला. त्याचा फोन मात्र तिनं जाऊ दिला नाही. दर महिन्याला न चुकता रिचार्ज करायची. गाडी हवी असली की त्याच फोनवर, त्याच्याच खात्यावर, त्याच्याच लायसनवर बुकिंग करायची. 'नमस्कार रघुनंदन' अशी अक्षरं पडद्यावर यायची. तेवढ्यासाठीच ती कधी कधी ते अ‍ॅप नुसतं उघडून बसायची, गाडी नको असली तरी.

तिचं स्वतःचं लायसन होतं, हातही चांगला होता. पण नियम साफ होता. बुकिंग ज्याच्या नावावर, गाडी त्यानंच चालवायची. दुसऱ्या कुणी चालवली तर कव्हर नाही. बॉनेट, दिवा, गाडी गॅरेजमध्ये पडून राहील त्या दिवसांचं भाडं, सगळं चालवणाऱ्याच्या डोक्यावर.

सोमवारी अ‍ॅपच्या कंपनीतून फोन आला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, रघुनंदन सरच गाडी चालवत होते ना?"

प्रियदर्शनीनं 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण अडीच वर्षांत कुणी त्याचं नाव इतक्या सहज, तो शेजारच्या खोलीत दाढी करत असल्यासारखं, घेतलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

मालोजीचे फोन मात्र वेगळ्याच वळणानं यायचे. पहिला आला तो पिकअपच्या फोटोंसाठी. दुसरा, फोटो मिळाले म्हणून. तिसऱ्याला काहीच कारण नव्हतं.

"सहज केला. पुट्टी बरी आहे का?"

"पुट्टी बरी आहे."

"आणि पुट्टीची आई?"

"ती पण... बरी आहे म्हणायची."

"म्हणायची म्हणजे? ठोकर मला दिलीत आणि दुखणं तुम्ही काढताय होय?"

ती हसली. फोन ठेवल्यावर कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते तिला आठवेना. आणि भात गाळ झाल्यावर एकदम ध्यानात आलं, आज तो एकदाही 'अक्का' म्हणाला नाही.

बुधवारी दुपारी मार्केटहून परतताना तो हेब्बाळच्या तळ्यापाशी थांबला. तीही आली, भव्याची शाळा सुटायला तासभर होता म्हणून... असं तिनं स्वतःला बजावलं होतं. बारीक पाऊस भुरभुरत होता. त्यानं सोललेल्या पपनसाच्या गुलाबी फोडी तिखटमीठ लावून डब्यातून आणल्या होत्या. एकाच छत्रीत उभं राहायचं, तर डबा मध्ये धरावा लागत होता. त्याचा डावा खांदा पार भिजला.

"भिजताय तुम्ही," ती म्हणाली.

"स्वल्प इकडं सरकलात तर नाही भिजणार."

ती सरकली नाही. पण दूरही झाली नाही. त्यानं तिच्या घरचं काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. त्या रात्री प्रथमच ती कोरड्या डोळ्यांनी झोपली, आणि सकाळी उठल्यावर त्याचंच तिला अपराध्यासारखं वाटलं.

आणि मग शुक्रवारी त्याचा फोन आला. आवाज सपाट.

"तुमच्या कंपनीनं मला कागद पाठवलाय, अक्का."

अक्का! कुणीतरी दार ओढून घ्यावं तसा तो शब्द तिच्यावर आदळला.

"ज्याला धडक बसली त्याचा जबाब पाहिजे त्यांना. चालकाचं नाव छापूनच आलंय. रघुनंदन. ते... यजमान तुमचे?"

"हो."

फोनमध्ये त्याच्या मागे कुठेतरी पंपाचा आवाज येत होता.

"सरी. ठीक आहे, करतो सही. ते चालवत होते म्हणून लिहितो. माझं काय जातंय? तुम्हाला भुर्दंड नको. उद्या चारपर्यंत पाठवायचंय."

थँक यू म्हणायला हवं होतं. एका सहीनं सगळं निभावलं असतं. भव्याच्या शाळेसाठी बाजूला काढलेल्या पैशाला हात लागला नसता. जगातल्या आणखी एका कागदावर रघुनंदन जिवंत राहिला असता, हेब्बाळच्या पुलाखाली गाडी चालवत... आणि मालोजी तिला जन्मभर 'अक्का' म्हणत राहिला असता.

शनिवारी सकाळी भव्याचं बोट धरून ती देवनहळ्ळीच्या बसमध्ये चढली.

गावच्या किल्ल्याच्या मागं, प्लॉट पाडलेल्या नव्या लेआउटच्या दगडी खुणांना टेकून त्याची पपनसांची बाग होती. झाडाखालच्या बाकड्यावर कागद होता, कागदावर पेन. तिला बघून तो उभाच राहिला.

"तुम्ही? बसनं?"

"सही केलीत?"

"करतच होतो..."

"नका करू." तिला धाप लागली होती. "गाडी मी चालवत होते."

"ते मला माहीत आहे की. मी बघितलंय तुम्हाला."

"रघुनंदन नव्हते गाडीत. ते... कुठेच नाहीत, मालोजी. अडीच वर्षं झाली जाऊन. खातं त्यांचं होतं, मी ते मिटवलंच नाही. कंपनीच्या मुलीनं त्यांचं नाव घेतलं, आणि मला नाही म्हणवेना."

खाली पडलेलं एक पपनस घेऊन भव्या झाडांमधून घरंगळवत पळत होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"आणि मी कालपासून त्या माणसावर जळतोय," तो हळूच म्हणाला. "काल जेवलोसुद्धा नाही. आई विचारतेय, दात दुखतोय का म्हणून..."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे कधी वाहू लागले ते कळलंच नाही. तो पुढे आला नाही. नुसता उभा राहिला, तिचं रडून होईपर्यंत, जणू त्याला दुसरं कामच नव्हतं.

"खरं लिहिलं तर कव्हर जाईल तुमचं," शेवटी तो म्हणाला.

"जाऊ दे. हप्त्यानं फेडीन."

"खातंही बंद करतील ते. त्यांचं."

याला मात्र तिला वेळ लागला. वाऱ्यानं कागदाचं टोक फडफडलं, त्यानं त्यावर तळवा ठेवला. ती त्या तळव्याकडे बघत राहिली.

"...करू दे," ती म्हणाली.

त्यानं छापलेलं नाव हलकेच, एकाच रेघेनं खोडलं. त्याच्यावर सावकाश लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "चालक... प्रियदर्शनी." नुसतं नाव. अक्का नाही, काही नाही. "चूक कुणाची म्हणून लिहू?"

"माझी."

"माझीही स्वल्प. ब्रेक जरा जोरात मारला मी."

"खोटं लिहायचं नाही हं!"

"सरी, सरी." त्यानं सही केली, फोनवर फोटो काढला आणि पाठवून दिला. चार वाजायला अजून पाच तास होते.

तो त्या दोघींना बसस्टँडपर्यंत पोचवायला निघाला. नव्या फळीचा पिकअप दाराशीच उभा होता. त्यानं खिशातून किल्ली काढली, आणि ती तिच्यापुढे धरली.

"मी?" तिचा विश्वास बसेना. "परत? तुमचीच गाडी?"

"आमची पॉलिसी तुमच्या कंपनीसारखी नाही. लायसन असलेल्या माणसाला मालकानं आपण होऊन गाडी दिली, तर सगळं कव्हर असतं." त्याचे कान लाल झाले होते. "आणि मी आपण होऊन देतोय, प्रियदर्शनी. घाई नाही. वर्ष लागू दे, दोन लागू देत... पण देतोय."

तिनं किल्ली घेतली. त्याच्या मुठीत राहून ती ऊबदार झाली होती.

तिघं स्टँडवर पोचली तेव्हा हेब्बाळची बस सुटायच्या बेतात होती. कंडक्टरनं दारातून वाकून त्यांच्याकडे बघितलं, येणार का म्हणून. प्रियदर्शनीनं इंजिन चालूच ठेवलं. मालोजी समोर बघत बसला. दोघांच्या मधे, पट्ट्यात नीट अडकवलेली भव्या आळीपाळीनं दोघांची तोंडं न्याहाळत होती.

बस निघून गेली. तिघांपैकी कुणीच तिला हात केला नाही.