मालू वाढली की जाळी बसली?

"आई, पेन्सिल कुठाय? मी वाढले!"

मालू धापा टाकत घरात शिरली आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहिली. भागीरथीने मासळी निवडायची थांबवली, हात पुसले, लेकीच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली आणि चौकटीवरची जुनी रेघ पाहिली.

"अगो, पाडव्याला होतीस तवरीच हाइस!"

"नीट बघ ना! सकाळी जाळीची खालची पट्टी माझ्या हनुवटीला लागत होती. आता गळ्याला लागते. चार बोटं!"

"एका दिवसात चार बोटां? मग दिवाळीपर्यंत घराची कौलां काढाय लागतील!" असं म्हणून भागीरथी पुन्हा मासळीकडे वळली.

उंची हा मालूच्या आयुष्यातला नाजूक विषय होता. बाळकुमच्या व्हॉलीबॉल संघात तिचा भाऊ नामा कप्तान होता. उंचीने तोही बेताचाच, पण उडी अशी, की खाडीतल्या उसळ्या मारणाऱ्या बोईट माशाने लाजावं! मालूला मात्र संघात कुणी घेईना. त्या सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात त्र्यंबक सरांनी तिची समजूत काढली, "तू दुसरा पंच हो." सर वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि आता बाळकुमच्या पोरांना कामाला लावत होते.

"दुसरा पंच म्हणजे नक्की काय करायचं, सर?"

"पहिला पंच उंच खुर्चीवर बसतो. तू त्याच्या समोर, खाली, खांबापाशी उभं राहायचं. जाळीला कुणाचा हात लागला, मधल्या रेषेपलीकडे कुणाचा पाय गेला, ते बघायचं. आणि चेंडूकडे अजिबात बघायचं नाही!"

"चेंडूकडे न बघता व्हॉलीबॉल?"

"चेंडूकडे अख्खं गाव बघतं. जाळीकडे बघायला एक तरी माणूस नको का?"

पंधरा दिवस सरांनी तिच्या डोक्यावरून चेंडू फेकले आणि ती मान हलवेल तितक्या बैठका काढायला लावल्या. पहिल्या दिवशी एकशे दहा झाल्या. पंधराव्या दिवशी दोन. तर आता शनिवारी गावच्या स्पर्धेचा उपांत्य सामना आटोपल्यावर जाळीखालून जाताना पट्टी गळ्याला घासली आणि मालूला वाटलं, देव पावला!

देव पावला नव्हता. म्हणजे एकच गोष्ट उरत होती. जाळीच खाली आली होती!

"नक्की शहाडवाल्यांचं काम!" गुण लिहिणारी नंदा म्हणाली. "उद्या फायनल आहे ना त्यांच्याशी! कोणीतरी दोर सैल करतं."

"मग पकडू साल्यांना!" नामाने बाह्या सरसावल्या. सदऱ्याला बाह्या नव्हत्या, पण तरीही सरसावल्या.

रविवारी सकाळी दामाजीरावांनी जाळी बांधली. दामाजीराव म्हणजे मंडळाचे सेक्रेटरी आणि स्पर्धेचे पहिले पंच. पाहुण्यांसमोर जाळी पांढरीशुभ्र दिसावी म्हणून ते ती रोज सकाळी दोरासकट धुऊन काढत. मग मापाची काठी मध्यभागी उभी करत. काठीवरची लाल खूण आणि जाळीची वरची कड अगदी एका रेषेत! मालू पटकन जाळीखाली उभी राहिली. पट्टी हनुवटीला. मानेवर टपकन पाणी पडलं.

मग तिघं आंब्याखाली करवंदं खात पहाऱ्याला बसली. एक वाजला, दोन वाजले. मैदानावर फक्त एक बकरी आली आणि तीही तोंड वाकडं करून निघून गेली. अडीचला मालू पुन्हा जाळीखाली गेली.

पट्टी गळ्याला!

"भूत!" नामा ओरडला.

"दुपारी अडीचला? भुतांना झोप नसते का रे?" नंदा म्हणाली.

मालूने मात्र खांबाजवळचा दोर चिमटीत धरून पाहिला. कोरडा कडकडीत. सकाळी यातूनच पाणी गळत होतं! तिला एकदम घरची मासळी वाळवायची दोरी आठवली. गेल्या वर्षी तिने ती ओली असताना ताणून बांधली होती. दुपारी दोरी लोंबली आणि गल्लीतल्या मांजरांनी दिवाळी साजरी केली.

"अरे, सुताचा दोर आहे हा! ओला असताना आखडतो, वाळला की सैलावतो. दामाजीकाका ओला बांधतात, ओला मोजतात, आणि आपण खेळतो वाळल्यावर!"

"आधी तर तार होती," नंदा म्हणाली. "ती तुटल्यावर काकांनी हा दोर आणला. दोन वर्षं झाली."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कारण बाळकुमने स्पर्धेची ढाल जिंकली होती तीही दोनच वर्षं.

"शहाडची पोरं ताडमाड," नामा हळूच म्हणाला. "त्यांना जाळी वर काय, खाली काय, सारखीच. चार बोटांचा फायदा आपला. मालू, तू गप्प बस हां!"

"नामा, मी पंच आहे."

"आधी माझी बहीण आहेस!"

मालू तडक दामाजीरावांकडे गेली.

"जाळी खाली आलीय म्हणे!" दामाजीराव हसले. "अकरा वर्षं मोजतोय मी. सकाळी मोजली म्हणजे मोजली!"

चार वाजता सामना सुरू झाला. पहिला गेम बाळकुमचा, दुसरा शहाडचा. नामाचे स्मॅश सपासप जात होते. लोक शिट्ट्या मारत होते. मालूला तेवढी ती लोंबलेली जाळी दिसत होती. आता नाही तर कधीच नाही! तिसऱ्या गेमआधी ती पहिल्या पंचाच्या खुर्चीखाली गेली आणि माइकवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"काका, तुमच्यासारखं अचूक माप अख्ख्या ठाण्यात कुणी घेत नाही. पाहुण्यांना एकदा करून दाखवा ना!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दामाजीरावांनी टाय सारखा केला, ते ऐटीत खाली उतरले आणि काठी जाळीला लावली. लाल खूण जाळीच्या वर चार बोटं!

दामाजीरावांनी काठी उलटसुलट करून पाहिली. "काठी वाढली असणार," ते गंभीरपणे म्हणाले.

"नंदा, बादली!" मालू ओरडली.

नंदाने स्टुलावर चढून दोरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी ओतलं. लोक टक लावून बघत राहिले. हळूहळू दोर ताठ झाला आणि जाळी आळस झटकून उठावी तशी वर आली. खुणेपर्यंत! शहाडवाले ओरडले. बाळकुमवाले नाही ओरडले. नामाने बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याचे पहिले तीन स्मॅश जाळीत गेले. मग त्याने दात-ओठ खाल्ले आणि चेंडू हलकेच पलीकडे टाकायला सुरुवात केली. तेरा-तेरा! शहाडने एक गुण घेतला. पुन्हा शहाडची सर्व्हिस. चेंडू वर चढला, नामा उडाला, स्मॅश! चेंडू थेट पलीकडच्या कोपऱ्यात! सगळं गाव नाचायला लागलं.

फुर्रर्र!

मालूची शिट्टी. तिने जाळीकडे बोट केलं. हात लागला होता.

"काय गो!" लोक खवळले. दामाजीराव खुर्चीवर गोंधळले. तेही चेंडूच बघत होते.

मालूने हात खाली घेतला नाही. तेवढ्यात नामाने स्वतःचा हात वर केला.

"लागलं, काका. करंगळी लागली माझी."

ढाल शहाडला गेली. पण बक्षीस समारंभात शहाडच्या सरांनी माइक घेऊन सांगितलं, "आमच्या स्पर्धेला आम्हाला हीच दुसरी पंच पाहिजे!" त्र्यंबक सरांनी स्वतःच्या गळ्यातली पितळी शिट्टी काढून मालूच्या गळ्यात घातली. दामाजीरावांनी भाषणात सांगितलं, की दोर बदलायला हवा हे ते दोन वर्षं मनातल्या मनात म्हणतच होते. "ही पोर आमच्या काठीपेक्षा भरवशाची! पुढच्या वर्षी काठी नको, हिलाच जाळीखाली उभी करू!"

"पण काका," नामा मागून ओरडला, "तोवर ती वाढली तर?"

सगळे हसले. मालूही हसली. आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने टाचा हळूच उचलल्या.