कोरड्या माणसांचा खांब

माणपठार विमानतळावर म्हातारपण वयावर ठरत नसे, ठिणगीवर ठरे. दारातला पितळी खांब धरला की तुमचा ‘ठिणगांक’ उजळायचा, म्हणजे अंगात किती वीज साठून राहते त्याचा आकडा. तो लाल असेतो दार उघडत नसे.

कारण विमानं द्रवरूप हायड्रोजनवर उडत. त्याच्या नळ्या इतक्या गार, की हवेतली वाफ त्यांच्यावर गोठून बसे आणि भोवतालची हवा भाजल्या पापडासारखी कोरडी होई. अशा हवेत चार पावलं चाललं तरी अंगात वीज भरते. आणि हायड्रोजन पेटायला, आपल्याला जाणवतही नाही एवढी ठिणगी पुरते.

बँडमास्टर बापू खरवंडीकरांचा आकडा लालबुंद झाला.

“कातडी सुकलीय आजोबा,” सुरक्षाशास्त्रज्ञ डॉ. रेणुका तांबट म्हणाल्या. “वीज निचरत नाही. नाही सोडता येणार.”

“मस्कतला उद्या पोरीचं ऑपरेशन आहे. बोटीनं गेलो तर टाके काढायलाच पोचेन!”

“नियम आहे.”

“मग इंधन भरता भरता नको, भरून झाल्यावर चढवा की आम्हाला.”

“प्रत्येक विमान अर्धा तास खोळंबेल. कंपनी ऐकत नाही.”

बापूंनी मान डोलावली. त्यांना ओळखणारा माणूस तिथंच सावध झाला असता.

ते परतले ते धोतरावर, अनवाणी, शेंडीपासून टाचेपर्यंत निथळत. घरच्या गणपतीची पूजा ते अशीच ओलेत्यानं करीत. त्यांनी खांब धरला. शून्य!

“ओल्या अंगावरून वीज जमिनीत उतरते,” तांबटबाई हसू दाबत म्हणाल्या. “जा आजोबा!”

मस्कतला पोरीनं डोळे उघडले तेव्हा बाप उशाशी शिंकत होता.

महिन्यानं बापू पोरीला भेटायला पुन्हा मस्कतला निघाले, तर खांबापुढे नवी रांग. सगळे म्हातारे. ओलेचिंब, अनवाणी, दात वाजताहेत. एक कर्मचारी पाण्याच्या नळीनं त्यांना भिजवत होता. वर पाटी: ‘बापू मार्ग’.

“तुमच्यामुळे बंदी उठली,” तांबटबाई म्हणाल्या, पण नजर फरशीवर.

“आणि तो अर्धा तास?”

“आता कोण मागतंय?”

बापूंनी पिशवीतला पंचा काढला, पुढच्या कुडकुडणाऱ्या आजीबाईंच्या खांद्यावर टाकला आणि कोरड्या हातानं खांब धरला. आकडा लाल. दार बंद.

“न्यायचं तर असंच न्या! कोरडं!”

आजींनी पदर पिळला, डोकं खसाखसा पुसलं आणि बापूंच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. मग मागच्यानं. मग त्याच्या मागच्यानं.

कर्मचाऱ्यानं अदबीनं हात जोडले. “माफ करा हं आजोबा,” म्हणाला, आणि नळी त्यांच्याकडे वळवली.

बापूंनी खांब सोडला नाही.