शिडी धरा जरा

लाइट येईपर्यंत ऐका. ही माझ्या साडूची गोष्ट. ऐकीव नाही, त्यानंच दवाखान्यात सांगितलेली.

त्याला पाखरांचे फोटो काढायचा भारी नाद. मे महिन्यातला शेवटचा शनिवार. बायकोला म्हणाला, "खाडीकाठच्या अभयारण्यात जाऊन येतो, जेवायला घरीच आहे." दिवस कलला की रातबगळे घरट्यांतून उठतात, तो फोटो त्याला हवा होता.

त्या रानात तो वर्षभर फिरकला नव्हता. का, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

आदल्या वर्षी फोटोत आड येतात म्हणून त्यानं घरट्यावरच्या फांद्या छाटल्या. पिल्लं उन्हात उघडी पडली, माना टाकायला लागली. रखवालदारानं रंगेहाथ पकडलं. शिव्या हासडल्या, पण आधी पिल्लांकडे धावला. सावलीला गोणपाट बांधायला शिडी लावली. खाली सगळा चिखल. "साहेब, शिडी धरा जरा."

साडूनं धरली. मग मनात आलं, हा वर आहे तोवर सटकावं. नाहीतर दंड होईल, कॅमेरा जाईल, चारचौघांत नाचक्की होईल... त्यानं हात सोडले.

पाठीमागे धप्पकन आवाज झाला. मग हाक आली. "साहेब..." हा वळलासुद्धा नाही.

रखवालदार रात्रभर तिथंच पडून होता. सकाळी सापडला तेव्हा संपलेला. लोक म्हणाले, पाय घसरला असेल.

तर त्या शनिवारी साडू त्याच झाडाखाली कॅमेरा लावून बसला. वर बगळ्यांचा नुसता कलकलाट. अंधार पडत गेला. आणि एकदम सगळं झाड गप्प झालं.

एक पाखरू बोलेना.

मागून आवाज आला. अगदी साधा. कामातला.

"साहेब, आता तुम्ही चढा. मी धरतो."

खोडाला शिडी लावलेली. मघाशी नव्हती.

"अहो, मी..."

"चढा."

पाय आपोआप उचलले गेले. एक पायरी... दुसरी... खाली बघायची छाती होईना. शिडी घट्ट होती. कुणीतरी नीट धरलेली.

वरच्या पायरीवर हात पोचला.

"धरलीय ना?" त्यानं विचारलं.

खालून... काही नाही.

मग शिडी हलली.

रात्रभर साडू चिखलात पडून हाका मारत होता. पावलं वाजायची. जवळ यायची. थांबायची. आणि सावकाश दूर जायची. पुन्हा यायची... पुन्हा दूर.

काय म्हणालीस? शिडी कुणाची? अगं, सकाळी पक्षी बघायला आलेल्या मुलांना हा सापडला, तेव्हा शिडी नव्हतीच तिथं.

आता कमरेखाली सगळं लुळं. घरी, चौथ्या मजल्यावर खाटेला खिळलाय. खिडकी उघडू देत नाही.

परवा भेटायला गेलो. मेव्हणी फडकं घेऊन खिडकीशी उभी. "भाऊजी, रोज पुसते हो. रोज असतं."

काचेवर पांढुरका ठसा. पसरलेले दोन पंख. पीस न् पीस वेगळं. पाखरू जोरात आपटलं की उमटतो ना, तसा.

म्हटलं, "बाहेरून येऊन धडकत असेल."

तिनं माझं बोट धरून काचेवर टेकवलं.

बोटाला भुकटी लागली.

ठसा... आतून होता.