भोंगा झाला

राज्याच्या सांख्यिकी कचेरीत तिला सगळे आकडेबाई म्हणत. माणसं कशावर जगतात आणि कशानं मरतात, हे दोन्ही तक्ते तिच्याच टेबलावर तयार होत. "मालकाची आणि यमाची, दोघांची कारकुनी तुमच्याकडेच," असं साहेब गमतीनं म्हणायचे. ती हसून सोडून द्यायची.

यंदा मात्र एका गावाचं काही केल्या जुळेना. धुळीनं फुप्फुसं कडक होऊन मेलेली माणसं राज्यात सगळ्यांत जास्त तिथली. आणि बेकारी? जवळजवळ नाहीच. गावात कारखाना एकच, दगड दळून भुकटी करणारा. त्यालाही टाळं लागून कैक वर्षं झालेली.

"कुणीतरी जुनीच माहिती नव्या तारखेनं पुढे ढकलतंय," साहेब म्हणाले. "जाऊन डोळ्यांनी बघून या."

नवऱ्यानं तिला स्कूटरवरून नेलं. तो फिटर होता. हातात कसब होतं, पण वर्ष होत आलं तरी काम नव्हतं. हल्ली तो जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेत नसे. तिनं आग्रह केला की म्हणायचा, "बसून असणाऱ्याला भूक कसली गं?"

ते पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खिडक्यांच्या कडांवर, दारांच्या कड्यांवर, तारेवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरट, मऊ भुकटी बसली होती. श्वास घेतला की जिभेवर खडूची चव येई. नवरा स्कूटरपाशी थांबला आणि आकडेबाई मृतांच्या यादीतल्या पहिल्याच घरात शिरली.

घर एका शिंपीणबाईचं होतं. त्यांनी मशीन थांबवून पाणी दिलं. पेल्यातल्या पाण्यावर बघता बघता पातळ साय धरली.

"मुलगा कशानं गेला तुमचा?"

"छातीनं. दगड झाली होती नुसती."

"कारखान्यात होता?"

"कारखाना बंद पडला तेव्हा तो पाळण्यात होता, ताई."

आकडेबाईचं पेन थांबलं. "मग... कामाला कुठे जायचा?"

"शिकून घरी बसला होता. सकाळ-संध्याकाळ बापाची बोलणी खायचा. एक दिवस म्हणाला, आई, भोंगा झाला. मला काही ऐकू आलं नाही. पण तेव्हापासून रोज डबा घेऊन जायला लागला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. वर्ष नाही काढलं त्यानं." शिंपीणबाई सुईत दोरा ओवत होत्या, पण तो ओवला जात नव्हता. "तुमच्याकडचा माणूस विचारायला आला, मुलगा काय करतो? म्हटलं, कामाला जातो. खोटं काय सांगितलं मी?"

"तुम्ही अडवलं नाही त्याला?"

"काम मिळालेल्या पोराला कुठली आई अडवते?" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ज्याच्या हाताला काम नाही, त्यालाच तो भोंगा ऐकू येतो, ताई... तुमच्याबरोबर कोण आलंय?"

तेवढ्यात खिडकीबाहेरून नवऱ्याचा उल्हसित आवाज आला. "अगं, ऐकलंस का? भोंगा झाला! कारखाना चालू आहे की!"

बाहेर शुकशुकाट होता. ती धावत दाराबाहेर आली, तोवर स्कूटर एकटीच उभी होती.

कारखान्याच्या फाटकाला गंजलेलं कुलूप होतं, पण बाजूचा छोटा दिंडी दरवाजा उघडा होता. आत पट्टे कुजून लोंबत होते, जात्यांवर कबुतरांची घरटी होती. एकही यंत्र हलत नव्हतं. आणि तरीही हवेत धूळ तरंगत होती, नुकतीच दळल्यासारखी, कोमट.

नवरा शेवटच्या जात्यापाशी उभा होता. बाह्या सरसावून, हातात नसलेल्या पान्यानं नसलेला नट आवळत होता. केस भुकटीनं पांढरेफटक झाले होते.

"घेतलं मला," तो हसून म्हणाला. "एका शब्दानं विचारलं नाही. सगळ्यांनी सरकून जागा दिली."

"सगळ्यांनी म्हणजे...?"

त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. तिच्या प्रश्नाचंच त्याला नवल वाटलेलं दिसलं.

तिनं त्याचा हात धरून ओढला. हात दगडासारखा जड. आणि मग तिला त्याची दुसरी बाही दिसली. ती ताणली गेली होती. कापडात बोटांच्या घड्या पडल्या होत्या... कुणीतरी पलीकडून घट्ट धरल्यासारख्या.

"अहो, घरी चला... पाया पडते."

"सुट्टी झाल्यावर येतो ना."

रडून उपयोग नव्हता. शिंपीणबाईंचे शब्द आठवले, तसा तिनं आवाज घट्ट केला, कचेरीत करायची तसा.

"तुम्हाला इथे काम करता येणार नाही. तुम्ही आधीच कामावर आहात. माझ्याकडे. मला गावोगाव फिरायला माणूस हवाय, आणि पगार मी देणार आहे."

"खरं म्हणतेस?"

"खरं. आणि पहिल्याच दिवशी मला खोळंबून ठेवलेलं चालायचं नाही."

तो खळखळून हसला. ताणलेली बाही हळूच सैल पडली.

परत आल्यावर तिनं शब्द पाळला. महिनाभर पदरचे पैसे देऊन त्याला बरोबर फिरवलं. मग मामेभावाला गळ घालून पंप दुरुस्तीच्या कारखान्यात चिकटवलं. साहेबांना तिनं घडलं तसं सांगितलं. त्यांनी तिला चार दिवस रजा घ्यायला लावली आणि त्या गावाचे आकडे जसेच्या तसे छापले. नवरा मात्र सुधारला. पोटभर जेवू लागला, झोपेत घोरू लागला. खोकला तर औषधालाही नव्हता.

नव्या नोकरीसाठी छातीचा फोटो काढायचा होता. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"दगडाच्या धुळीत काम केलंय तुम्ही. किती वर्षं होता तिथे?"

आकडेबाई घाईनं म्हणाली, "नाही हो डॉक्टर. हे एकदाच आत गेले होते. चहा निवतो तेवढा वेळ."

नवरा शर्टाची बटणं लावत होता. त्यानं मान वर केली नाही. आठवायला वेळही घेतला नाही.

"रात्रपाळ्या धरून सांगू," त्यानं विचारलं, "की सोडून?"